जळलेला आणि जाळणारा

गाडीतला जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येतो तेव्हा सोबत बहुतेक वेळा एकच तक्रार येते: "फ्यूज टिकत नाही." मग फ्यूज पाहावा, तर ३० अँपिअरच्या जागी ६० चा खोचलेला असतो, किंवा काचेच्या जुन्या फ्यूजवर तांब्याच्या तारेचे वेढे दिलेले असतात. माझ्याकडे एकदा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज आला होता. "हा मात्र टिकला," असं मालक कौतुकाने सांगत होता. टिकला होता खरा. आत चार मॉसफेट ट्रान्झिस्टर फुटले होते आणि बोर्डाला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

जळलेला भाग ओळखायला नाक आणि डोळे पुरतात. तो भाग बदलून झाकण लावणंही अवघड नाही. पण तेवढंच केलं तर आठवड्याभरात तोच ॲम्प त्याच वासासकट परत येतो. मॉसफेट सहसा आपणहून फुटत नाही; त्याला कुणीतरी फोडलेलं असतं, आणि ते 'कुणीतरी' बोर्डावर शेजारीच धडधाकट चेहऱ्याने बसलेलं असतं. जुन्या ॲम्पची दुरुस्ती म्हणजे त्याचा शोध.

त्यासाठी हे यंत्र असं का बांधलंय, ते आधी पाहू. मोटारीची बॅटरी म्हणायला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर हा दाब १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. एवढ्यात आवाज किती निघेल? ४ ओहमच्या स्पीकरला दोन्ही टोकांकडून आळीपाळीने ढकललं, म्हणजे ब्रिज जोडणी केली, तरी शुद्ध सुराला हिशेबाने जेमतेम २६ वॅट मिळतात. आयसीत होणारी घट वजा केली की २० च्या आसपास उरतात. मग डॅशबोर्डातल्या स्टीरिओवर '५० × ४' छापलेलं असतं ते कुठून येतं? १४.४ चा वर्ग करा आणि ४ ने भागा: ५१.८. स्पीकरवर सतत पूर्ण दाब एकदा इकडून, एकदा तिकडून आदळत राहिला तरच हा आकडा खरा ठरतो. त्याला गाणं म्हणत नाहीत. तो भोंगा झाला.

४ ओहमच्या स्पीकरमध्ये १०० वॅट खरोखर घालायचे तर त्याच्यावर शिखराला २८ व्होल्टच्या वर दाब लागतो. तो बॅटरीत नाही, म्हणून तयार करावा लागतो. डिकीत बसवलेल्या वेगळ्या ॲम्पचं प्रयोजन मुळात हेच. त्याचं झाकण काढलं की दोन खोल्यांचं बिऱ्हाड दिसतं. एका खोलीत वीज चढवली जाते, दुसरीत आवाज. दुरुस्तीला आलेल्या ॲम्पमध्ये मला तरी पहिल्या खोलीतली भांडणंच जास्त सापडतात.

दाब चढवण्याची ही युक्ती ट्रान्झिस्टरच्याही आधीची. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विनने स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी अटलांटिक सिटीत भरलेल्या रेडिओ व्यावसायिकांच्या अधिवेशनाला नेली. 'मोटोरोला' हे नाव त्याच रेडिओसाठी निघालं. व्हॉल्व्हच्या रेडिओला कित्येक पटींनी जास्त दाब लागायचा. त्यासाठी पुढे व्हायब्रेटर आला: डबीत बंद केलेली एक पोलादी पट्टी, जी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरून बॅटरीची वीज तोडायची आणि जोडायची. एकाच दिशेने संथ वाहणारी वीज ट्रान्सफॉर्मरला उपयोगाची नसते, तोडलेली चालते. पट्टीची टोकं झिजणार हे गृहीत धरलेलं असायचं, म्हणून व्हायब्रेटर व्हॉल्व्हसारखाच खोबणीतून उपटून बदलता येई. दुरुस्तीचा इतका प्रामाणिक विचार पुढच्या कारखानदारांनी क्वचितच केला.

पट्टीची जागा आता मॉसफेट घेतात. टीएल ४९४ ही १६ पायांची आयसी जुन्या ॲम्पमध्ये अगदी सर्रास सापडते. ती मॉसफेटांच्या दोन गटांना आळीपाळीने ठोके देते. एक गट उघडला की बॅटरी ट्रान्सफॉर्मरच्या अर्ध्या वेढ्यांना जोडली जाते. तो मिटला की दुसरा गट उरलेल्या अर्ध्यांना जोडतो. हे सेकंदाला काही दहा हजार वेळा चालतं. वेग एवढा असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो: मेदूवड्याच्या आकाराचं फेराइटचं कडं आणि त्यावर जाड तांब्याचे मोजके वेढे. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेवर तेवढ्याच कामाला विटेएवढं लोखंड लागलं असतं.

आता मॉसफेटचा स्वभाव. आयआरएफझेड ४४एन हा या धंद्यातला नेहमीचा गडी. तो पूर्ण उघडा असताना त्याचा रोध एका ओहमच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असतो, त्यामुळे वीज जवळपास फुकटात पार होते. पूर्ण मिटला की काहीच वाहत नाही. दोन्ही अवस्थांत तो थंड. संकट मधल्या क्षणात. अर्धवट उघडा असताना त्याच्यावर ६ व्होल्ट असले आणि त्यातून १० अँपिअर जात असले, तर नखाएवढ्या तुकड्यात ६० वॅट उष्णता साठते. म्हणून ठोके सणसणीत हवेत, आणि मधला क्षण लांबवणारी प्रत्येक गोष्ट संशयित: गेटचा, म्हणजे ठोका घेणाऱ्या पायाचा, किंमत वाढलेला रेझिस्टर, थकलेला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, आयसीला मिळणारी अपुरी वीज.

तपास फ्यूजपासूनच सुरू करावा, कारण फ्यूज कधी उडतो यावरून कोणत्या खोलीत शिरायचं ते कळतं. ॲम्पला तीन तारा येतात: बॅटरीची जाड तार, बॉडीला जोडलेली अर्थची तार आणि स्टीरिओकडून येणारी रिमोटची बारीक तार, बहुतेक स्टीरिओंमध्ये निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. रिमोटवर १२ व्होल्ट आले की ॲम्प जागा होतो. रिमोट जोडलेलाच नसताना फ्यूज उडत असेल, तर मॉसफेट शॉर्ट आहेत, किंवा तारा उलट जोडल्या गेल्या तर फ्यूज उडवण्यासाठी बसवलेला डायोड शॉर्ट आहे. फ्यूज रिमोट दिल्यावरच उडत असेल, तर पहिली खोली बहुधा काम करतेय. भार पलीकडून येतोय, आवाजाचे ट्रान्झिस्टर किंवा वाटेतले रेक्टिफायर डायोड तपासावेत. डायोड बोर्डावरून सोडवले की दोन खोल्यांमधलं दार बंद होतं. मग पहिली खोली एकटी चालवून पाहता येते.

चालवून पाहताना घाई नको. घरच्या विजेची उपकरणं दुरुस्त करणारा कारागीर सिरीज बल्बशिवाय काही चालू करत नाही. इथे तीच युक्ती हेडलाइटच्या बल्बने करायची. बॅटरी आणि ॲम्प यांच्यामध्ये १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब आला की काहीही बिघडलं तरी साधारण साडेचार अँपिअरच्या वर वीज जात नाही. निरोगी ॲम्प जोडताना बल्ब क्षणभर चमकतो, मग मंदावतो. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि नवे मॉसफेट वाचले. हा बल्ब शंभर-दोनशे रुपयांत येतो. तो न वापरता सुटे भाग चार-चार वेळा जाळणारे लोक मी पाहिलेत. त्यात एके काळचा मी स्वतःही धरा.

थोडं जिवाचंही. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून बॅटरीला कुणी भीत नाही, पण ती शेकडो अँपिअर देऊ शकते. बॅटरीचं टोक आणि बॉडी यांच्यात पाना अडकला आणि बोटात अंगठी असली, तर ती अंगठी लालबुंद होते. कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पलीकडच्या मोठ्या कपॅसिटरांमध्ये दोन्ही बाजू मिळून ६०-७० व्होल्ट साठून राहतात. ते रेझिस्टर लावून उतरवावेत, स्क्रू ड्रायव्हर टेकवून नव्हे.

आता जाळणारे. पहिला मान गोंदाचा. बोर्डावरचे उंच कपॅसिटर गाडीच्या हादऱ्यांनी हलू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी पिवळसर गोंद ओतलेला असतो. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या कितीतरी यंत्रांमध्ये असा गोंद वापरलाय जो उष्णतेने तपकिरी पडतो, दमट हवा शोषतो, मग वीज वाहू देतो आणि खालचं तांबंही खातो. मीटरवर प्रत्येक सुटा भाग ठीक दिसतो, तरीही ॲम्प वेड्यासारखा वागतो, कारण दोन पायांच्या मधे एक भाग असा आहे जो नकाशात काढलेलाच नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात 'अधूनमधून बंद पडतो' ही तक्रार आली की मी मीटर हातात घेण्याआधी चिमट्याने गोंद खरवडतो. काही वेळा तेवढ्यानेच काम होतं, आणि मग बिल काय लावायचं हा प्रश्न उरतो.

दुसरा, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. जुने मेकॅनिक त्याला अजून कंडेन्सरच म्हणतात. त्याच्या पोटात ओलसर द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. अंदाज बांधायला धंद्यातला एक नियम आहे: तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असं लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास जातो. पण उन्हात बंद उभ्या गाडीची डिकी, त्यात तापलेलं हीटसिंक, आणि त्याला चिकटून बसलेला कपॅसिटर, हे गणित फार लवकर संपवतात. फुगलेला, गळलेला कपॅसिटर दिसतो तरी. सुकलेला बाहेरून नवाकोरा असतो. मीटरने त्याची क्षमताही बऱ्यापैकी भरते. वाढलेला असतो तो आतला रोध, आणि तो मोजायला ईएसआर मीटर लागतं.

यातला सगळ्यात लबाड कपॅसिटर सगळ्यात छोटा असतो. टीएल ४९४ च्या चौथ्या पायाशी काही मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बसवतात. ॲम्प जागा होताना ठोके एकदम पूर्ण रुंदीचे न येता हळूहळू रुंद व्हावेत, एवढंच त्याचं काम. समोर मोठे कपॅसिटर रिकामे असतात. रिकामा कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखाच वागतो. छोटा सुकला की हा सावकाशपणा जातो आणि मॉसफेटांना दर वेळी उठताक्षणी तो धक्का बसतो. रोज सकाळी गाडी सुरू करताना एकेक. मग एके दिवशी एक मॉसफेट जातो, त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो आणि ओळीने सगळे जातात. चार मॉसफेट बदलून हा दोन रुपयांचा कपॅसिटर तसाच ठेवला, तर पुढच्या वेळी परत चार.

तिसरा जाळणारा म्हणजे ढिला स्क्रू. ट्रान्झिस्टर पट्टीखाली दाबून हीटसिंकला चिकटवलेले असतात. मध्ये मायकाचा पातळ पापुद्रा आणि पांढरी पेस्ट. वर्षानुवर्षं तापून-निवून पट्टी सैलावते, पेस्ट खडूसारखी कोरडी होते. ट्रान्झिस्टर हीटसिंकला टेकलाय असं दिसतं, पण मधे केसाएवढी हवा असते आणि हवा उष्णता नेत नाही. याच कारणासाठी, बोर्ड बाहेर काढून पट्ट्या न लावता ॲम्प 'जरा चालवून बघू' म्हणणाऱ्याचे ट्रान्झिस्टर काही सेकंदांतच जातात. पट्ट्या परत आवळल्यावर प्रत्येक ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावायचं. बीप वाजली तर मायका कुठेतरी फाटलाय.

डाखाच्या भेगांचं फार सांगायला नको. जड भागांच्या पायांभोवती, विशेषतः ट्रान्सफॉर्मर आणि मागचे आरसीए सॉकेट, डाखात केसासारखी गोल भेग पडते. आपले रस्ते आणि गतिरोधक पाहता ती पडली नाही तरच नवल. जुना डाख शोषून काढून नवा भरायचा. जुन्या ॲम्पमध्ये शिशाचा डाख असतो, तर नवाही ६०/४० चा शिशाचाच वापरावा, दोन जाती मिसळू नयेत.

बदली भाग घेताना सगळ्या गटाचे एकदम घ्यावेत, एकाच खेपेतले. एकच उडालेला दिसला तरी उरलेल्या तिघांनी तोच मार खाल्लेला असतो. प्रत्येक गेटचा रेझिस्टर मोजावा, कारण मॉसफेट फुटताना बॅटरीची वीज गेटमधून उलटी शिरून ड्रायव्हरपर्यंत, कधी थेट आयसीपर्यंत पोहोचते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हवा तो नंबर मागा, मिळतो. अडचण तो खरा निघण्याची असते. तोशिबाच्या २एससी ५२०० सारख्या आवाजाच्या ट्रान्झिस्टरच्या नकला तर जगभर फिरतात: आत छोट्या ताकदीचा तुकडा, बाहेर मोठ्या ताकदीचं नाव. नगामागे किंमत वडापावाएवढी सांगितली तर मी हात मागे घेतो. शंका असेल तर एक नग पकडीत फोडून आतला सिलिकॉनचा चौकोन जुन्या, जळलेल्या अस्सल ट्रान्झिस्टरच्या चौकोनाशी ताडून बघावा. एक नग गेला तरी आठ वाचतात.

दुसऱ्या खोलीत दोनच गोष्टी नेमाने मोजायच्या. आवाज बंद असताना स्पीकरच्या टोकांवर थेट वीज किती: ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. आणि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरांना जागं ठेवण्यापुरती सोडलेली बारीक धार. ती एका छोट्या प्रीसेटने लावतात. जुन्या प्रीसेटचा सरकता पाय कार्बनवरून उठला, तर काही सर्किटांत बायस एकदम कमाल होतो आणि गाणं वाजत नसतानाही ट्रान्झिस्टर भाजून निघतात. म्हणून नवे ट्रान्झिस्टर लावताना जुना प्रीसेट मी ठेवतच नाही.

लेबलावर विसंबून भार ठरवू नये, आणि फसवणूक दोन्ही दिशांनी असते. बाजारात १,००० वॅट लिहिलेल्या डब्यावर ३० चा एकच फ्यूज दिसला की १४ व्होल्टला गुणा: आत ४२० वॅट जाऊ शकतात, निम्मे उष्णतेत गेले की २०० च्या आसपास उरतात. उलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गाडीतल्या आवाजाच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि त्यांत गट पडायचे ते ॲम्पवर लिहिलेल्या वॅटवरून. लगेच कमी लिहिणारे ॲम्प निघाले. ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए नावाला दोन गुणिले २५ वॅटचा. पण ४ ओहमऐवजी अर्ध्या ओहमचा भार दिला की त्याच्या कित्येक पट ताकद काढायचा. त्यांना 'चीटर ॲम्प' असंच म्हणत. असा जुना ॲम्प हाती आला तर त्याची छोटी संख्या पाहून बारीक तार जोडू नका. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत विकृती, असं वॅट मोजायचं सर्वमान्य माप अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने २००३ मध्ये ठरवलं, म्हणजे आपल्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक जुन्या ॲम्पांचा जन्म होऊन गेल्यावर.

दुरुस्त झालेला ॲम्प गाडीत परत बसवताना अर्धी लढाई अर्थच्या तारेशी असते. पूर्ण ताकदीला २०० वॅट देणारा ॲम्प बॅटरीतून ३० अँपिअरच्या घरात ओढतो. अर्थच्या सांध्यात ओहमचा विसावा भाग एवढा जरी रोध असला, तर दीड व्होल्ट तिथेच गळतो आणि ४५ वॅटने तो सांधा तापतो. बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, रिंग लावून बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस; समुद्राजवळच्या गाड्यांमध्ये हा सांधा दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. बॅटरीकडचा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. तो ॲम्पसाठी नसून डिकीपर्यंत गेलेल्या तारेसाठी आहे: वाटेत तार पत्र्याला घासून उघडी पडली तर आग त्या तारेला लागते.

ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यामागून शिट्टी चढत जाते, तीही याच घराण्यातली. स्टीरिओचा अर्थ एकीकडे, ॲम्पचा दुसरीकडे. दोन्हींमध्ये किंचित फरक पडला की अल्टरनेटरची थरथर आरसीएच्या तारेच्या जाळीतून वाट काढते. लोक फिल्टर विकत घेतात. आधी दोन्ही अर्थ नीट करून बघावेत, आणि ॲम्प उघडाच असेल तर आत बॅटरीचा अर्थ आणि आवाजाचा अर्थ यांच्यातला छोटा रेझिस्टरही. कधी काळी ॲम्पची अर्थची तार निघालेली असताना कुणी तो चालू केला असेल, तर सगळी वीज याच वाटेने परतलेली असते आणि हा रेझिस्टर कोळसा झालेला असतो.

काही ॲम्प सोडून द्यावेत. बोर्ड जळून काळा पडला की ती काजळी स्वतःच वीज वाहते. काळा भाग कोरून काढून वरून तारा ओढता येतात, पण भोक मॉसफेटांच्या ओळीखालीच असेल तर जाड पट्ट्यांतली ताकद तारांनी परत येत नाही. सिगारेटच्या चांदीवाला ॲम्प मी असाच परत केला. कडं, हीटसिंक आणि आवाजाचे अस्सल ट्रान्झिस्टर मात्र मालकाच्या परवानगीने ठेवून घेतले. त्यातलाच एक ट्रान्झिस्टर आता फोडून डबीत ठेवलाय, नवे नग ताडून बघायला.

उरलेल्यांचं झाकण लावण्याआधी अर्धा तास मध्यम आवाजात गाणं चालू ठेवायचं आणि हीटसिंकच्या दोन्ही बाजूंना तळवा टेकवायचा. दोन्ही सारख्याच कोमट लागल्या पाहिजेत. मग झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, बदललेल्या भागांचे नंबर, दोन्ही चॅनलचा बायस आणि फ्यूजचा खरा आकडा लिहायचा. एखाद्या जुन्या ॲम्पमध्ये तिथे आधीच कुणाच्या तरी पेन्सिलीतलं लिहिलेलं सापडतं: 'क्यू ९ बदलला, गोंद काढला.' त्या दिवशी तासभर काम वाचतं.